उपाशीपोटी

भोरच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे निघालं की डाव्या हाताला एक जुना फलक दिसतो : जलील पॅथॉलॉजी लॅब. जलीलभाईंनी ती एका मायक्रोस्कोपवर आणि उसन्या फ्रिजवर सुरू केली होती. आता जलीलभाई नव्हते. फलक तोच ठेवून त्याखाली काचेचं दार आलं होतं, आत एसी होता, पुण्याहून आणलेली यंत्रं होती आणि रिपोर्टवर सही असायची त्यांच्या थोरल्या मुलीची, डॉक्टर नुजहतची.

नुजहत एमडी करून गावी परतली तेव्हा लोकांना वाटलं होतं, ही काही इथे टिकत नाही. पण ती टिकली, आणि लॅब वाढवली. धाकटा भाऊ शाकिर बाहेरचं बघायचा : गाड्या, माणसं, डॉक्टरांच्या गाठीभेटी. आतलं सगळं तिचं. शाकिर बोलका आणि घाईचा, तर ती सावकाश आणि शंकेखोर.

"आपा, तू रक्तावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीस," तो चिडवायचा.

"रक्तावर ठेवते. काढणाऱ्यावर नाही," ती म्हणायची.

आधी वेल्ह्याला सॅम्पल घ्यायचं केंद्र निघालं, मग मार्गासनीला. दोन्ही नीट चालली. त्यातून पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाशी बोलणी सुरू झाली. त्यांना भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतल्या तपासण्यांसाठी एकच लॅब हवी होती. अट एकच, वरंध घाटाच्या अंगालाही केंद्र पाहिजे. शाकिर दुसऱ्याच दिवशी हिर्डोशीला जाऊन रस्त्याकडेची एक खोली भाड्याने ठरवून आला. शेजारच्या गावची वैष्णवी नुकताच लॅबचा कोर्स करून बसली होती, तिला तिथे नेमलं. दर मंगळवारी सकाळी ती रक्त घ्यायची, नळ्या बर्फाच्या डब्यात भरायची आणि दुधाच्या टेम्पोतून डबा दुपारच्या आत भोरला पोचायचा.

थंडीचे दिवस होते. पहिल्या मंगळवारी एकटा गेनूच आला. वरच्या वाडीतला, सत्तरी गाठलेला, गुडघे धरतात म्हणून. डबा उघडला तेव्हा बर्फाच्या पिशव्या दगडासारख्या घट्ट होत्या, आणि त्यांच्या मधोमध ठेवलेली नळी कोमट होती. नुजहतला आधी वाटलं, आपलीच बोटं ऊन असतील. लाल टोपणाच्या नळीतलं रक्त अर्ध्या तासात गोठायला हवं. हे संध्याकाळपर्यंत गोठलं नाही. म्हातारा रक्त पातळ करायची गोळी घेत असणार, असं तिने ठरवलं, पुन्हा सॅम्पल मागवा असा निरोप दिला आणि विषय संपवला. शुक्रवारी ती नळी बाकीच्या तपासून झालेल्या नळ्यांबरोबर लाल पिशवीत गेली. दर शुक्रवारी जैविक कचऱ्याची गाडी येते. ते लोक पिशव्या कारखान्यात नेऊन मोठ्या टाकीत वाफेखाली ठेवतात. तिथून बाहेर येतं त्यात जिवंत असं काही राहत नाही.

पुढच्या मंगळवारी वैष्णवीचा फोन आला. "मॅडम, गेनूबाबांचं परत सॅम्पल नाही मिळणार. ते वारले. पण त्यामुळे वाडीतली माणसं घाबरलीयत, आज आठ जण आले."

"काय झालं होतं त्यांना?"

"काय की. एकदम गेले म्हणतात."

म्हातारं माणूस, थंडीचे दिवस. नुजहतने फार विचार केला नाही. अकराच्या सुमारास डबा आला. तिने स्वतः उघडला. आठही नळ्या कोमट होत्या.

तिने डब्यात तापमापक घातला. पारा शून्याजवळ होता. नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि तासाने काढल्या. शेजारी ठेवलेल्या मार्गासनीच्या नळ्या गार पडून बाहेरून दमट झाल्या होत्या. हिर्डोशीच्या तशाच, बगलेत धरून आणल्यासारख्या.

मग तिने त्या सेंट्रिफ्यूजमध्ये लावल्या. यंत्र गरगरलं आणि थांबलं. प्रत्येक नळीत वर पिवळसर पाणी, खाली लाल गाळ, जसं व्हायला हवं तसं. तिला बरं वाटलं. ती चहाचा कप धुवायला आत गेली आणि परत आली. आठही नळ्या वरपासून खालपर्यंत पुन्हा एकसारख्या लाल होत्या.

ती खुर्चीवर बसली. बाहेर स्नेहल, तिची टेक्निशियन, कुणा पेशंटला पावती समजावून सांगत होती. रस्त्यावर रिक्षा वाजत होती. सगळं रोजचं होतं.

तिने साखर मोजायला घेतली. ठेवलेल्या रक्तातली साखर उतरत जाते, रक्तातल्याच पेशी ती खातात. आठही जण उपाशीपोटी आलेले, तेव्हा आकडे नव्वदच्या आसपास आले. फक्त आठव्या नळीचा फार खाली होता, माणूस चक्कर येऊन पडावा इतका. दीडच्या सुमारास तिने पुन्हा थेंब घेतले. सात नळ्यांची साखर चढली होती. चांगली दीडशेच्या घरात गेली होती. आठवी जिथल्या तिथे.

यंत्र तपासलं. दुसऱ्या यंत्रावर लावलं. मार्गासनीची सॅम्पलं लावली, ती बरोबर आली. मग तिने वैष्णवीला फोन केला.

"ती वाडीतली माणसं आत्ता काय करत असतील गं?"

"आत्ता?" वैष्णवी गोंधळली. "जेवून उठली असतील, मॅडम. वाडीत ह्याच वेळेला जेवतात. का हो?"

"काही नाही," नुजहत म्हणाली.

बुधवारी तेच झालं. गुरुवारीही. सकाळी साखर खाली, दुपारच्या जेवणानंतर वर. एका नळीतली गुरुवारी संध्याकाळी मध्येच चढली. बहुधा कुणीतरी गूळ-शेंगदाणे खाल्ले असावेत, असं तिच्या मनात आलं आणि आपण हे किती सहज मनात आणलं, याचाच तिला घाम फुटला. शाकिरला ती काही बोलली नाही. पुण्याची माणसं पाहणीला यायची होती आणि तो भिंतींना रंग लावून घेण्यात गुंतला होता.

शुक्रवारी सकाळी ती एकटीच गाडी घेऊन हिर्डोशीला निघाली. देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो. पाणी अगदी स्थिर होतं, डोंगर त्यात उलटे दिसत होते. वैष्णवीला बरोबर घेऊन ती वाडीची चढण चढली. खाचरांत भाताची खुंटं उरली होती, नाचणीच्या काडाच्या उडव्या रचलेल्या होत्या. एका अंगणात साळूबाई नावाची म्हातारी उन्हाला बसली होती. त्या आठांतली एक नळी तिची.

"तूच का ती रगात नेनारी?" साळूबाईने विचारलं.

"मी डॉक्टर, आजी. तुमचा रिपोर्ट सांगायला आलेय. सगळं ठीक आहे तुमचं."

"त्ये ऱ्हाऊ दे. रगात परत कवा देनार?"

नुजहत हसली. "रक्त परत देत नसतात, आजी. तपासून झालं की टाकून देतात."

"कुठं टाकत्यात?"

नुजहत पर्समधून रिपोर्टचा कागद काढू लागली.

"गेनूचं कुठं टाकलं?" म्हातारीने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"आजी, असं काय बोलताय," वैष्णवी मध्ये पडली.

"म्या हुते तितं. चांगला बांध घालत हुता. उन्हं कलली आन् वरडायाच लागला. आतनं उकडतंय, आतनं शिजतुया म्हनून. आमी अंगावर पानी वतलं. कातडं गार व्हतं त्याचं, हात लावून बगितला म्या. जे काय व्हतं ते आतच व्हतं."

"कधी?" नुजहतने विचारलं.

"शुक्कारी. गेल्याच्या गेल्या न्हवं, गेल्याच शुक्कारी."

आज शुक्रवार होता.

नुजहतने मोबाईल काढला. रेंज नव्हती. वैष्णवी म्हणाली, "खाली धरणाच्या वळणाला येते, मॅडम," आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत नुजहत उतरायला लागली होती. एकदा पाय मुरगळला, तरी थांबली नाही. एका हातात मोबाईल धरून तिने गाडी हाणली. वळणावर रेंजची एक काडी आली, गेली, पुन्हा आली.

"शाकिर, कचऱ्याची गाडी आली का?"

"आत्ताच गेली. काय झालं?"

"माझ्या फ्रिजमधल्या हिर्डोशीच्या नळ्या?"

"स्नेहलने फ्रिज साफ केला ना. सोमवारी पाहणी आहे, जुनं सगळं काढ म्हणालो मीच."

"गाडी अडव. ती पिशवी परत आण."

"आपा, कचरा आहे तो."

"माणसं आहेत ती!" ती ओरडली आणि स्वतःच दचकली. मग शाकिरने फोन ठेवला. त्याच्या मोटरसायकलची किक तिला ऐकू आली की तिने ती मनातच ऐकली, ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही.

भोरपर्यंतचा रस्ता तिला आठवत नाही. लॅबच्या पायरीवर शाकिर उभा होता, हातात लाल पिशवी. कापूरहोळच्या अलीकडे त्याने गाडी गाठली होती. ड्रायव्हरशी भांडून पिशवी काढून घ्यावी लागली होती. तो चिडला होता आणि घाबरलाही होता, कारण बहिणीला असं ओरडताना त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

केबिनचं दार लावून तिने हातमोजे घातले, पिशवीतून आठ नळ्या शोधून वेगळ्या केल्या आणि एक शाकिरच्या नुसत्या तळहातावर ठेवली.

"ऊन आहे," तो म्हणाला.

"मंगळवारपासून फ्रिजमध्ये होती."

शाकिरने नळी तिरकी केली. रक्त हललं, पातळ, ताजं. त्याने ती सांभाळून, अगदी सांभाळून टेबलावर ठेवली, बेसिनपाशी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

"तिथलं केंद्र बंद करायचं," ती त्याच्या पाठीला म्हणाली.

"करार जाईल."

"जाऊ दे."

एरवी तो तासभर भांडला असता. त्याने नळ बंद केला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून वाडीत गेली. वैष्णवीने नावं वाचली आणि एकेक जण पुढे आला. कुणी का म्हणून विचारलं नाही. साळूबाईने आपली नळी घेतली, दातांनी टोपण काढलं, अंगणाच्या कडेला जाऊन रक्त मातीत ओतलं आणि टाचेने माती सारखी केली. बाकीच्यांनीही आपापल्या दारात तेच केलं, जनावराला पाणी ठेवावं इतक्या सहज. मोकळ्या नळ्या त्यांनी नुजहतला परत दिल्या. त्या काचेसारख्या गार होत्या.

एक उरली, ती आठवी.

"सुलक्षणा," वैष्णवीने नाव वाचलं.

कुणी पुढे आलं नाही.

"आमच्यात न्हाई कुनी त्या नावाची," एक जण म्हणाला.

"असं कसं? मंगळवारी शेवटी आली होती," वैष्णवी म्हणाली. "तुमच्या मागेच उभी होती, आजी. मला वाटलं, तुमचीच कुणी पाहुणी."

"माज्या मागं कुनी न्हवतं," साळूबाई म्हणाली.

वैष्णवीचा चेहरा उतरला. ती नुजहतकडे वळून हळू आवाजात सांगू लागली. "मॅडम, हात इतका वाळलेला की शीर सापडेना. वय विचारलं तर म्हणाली, तुमीच बघून लिवा. मी सगळ्यांना विचारते तसं तिलाही विचारलं, उपाशीपोटी आहात ना? तर म्हणाली, व्हय. लई दिस."

शाकिर म्हणाला, "इथेच ओतून टाकू या का?"

"नगं," साळूबाई म्हणाली. ती दोन पावलं मागे सरकली होती. "ज्याचं त्येनंच घ्यायचं आस्तंय. आन् ती हितं ठिवू बी नका."

म्हणून ती नळी भोरला परत आली. फेकायची हिंमत नुजहतला नव्हती. गेनू तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता, त्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं तरी. तिने नळी कापसात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं.

पुण्याची माणसं आली. हिर्डोशीचं केंद्र का बंद केलं, असं त्यांनी विचारलं. शाकिरने रस्त्याचं आणि वीज जाण्याचं कारण दिलं. अलीकडच्या गावात केंद्र काढू, म्हणाला. त्यांनी लिहून घेतलं, पुन्हा येतो म्हणाले. दिवस गेले, आठवडे गेले. नवं केंद्र सुरू झालं. तिथल्या नळ्या गार यायच्या, वेळेवर गोठायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं आणि नुजहतला ते सोसत नव्हतं.

रोज जेवायच्या सुट्टीत ती केबिनचं दार लावायची, खण उघडायची, साखर मोजायच्या पट्टीवर एक थेंब घ्यायची. आकडा तोच, तळाशी टेकलेला. थेंब घेऊन घेऊन नळी रिकामी व्हायला हवी होती, तीही होत नव्हती. कुणीतरी, कुठेतरी, इतके दिवस उपाशी होतं आणि मरत नव्हतं. घरी अम्मी ताट वाढायची तेव्हा नुजहतला पहिला घास घशाखाली उतरत नसे. अम्मीला वाटायचं, कामाचा ताण आहे. तिने नवऱ्याला, जलीलभाईंना, असंच लॅबपायी झिजताना पाहिलं होतं.

शेवटी पुण्याची माणसं दुसऱ्यांदा आली. यंत्रं पाहिली, फ्रिज पाहिले, स्नेहलला प्रश्न विचारले. दुपारी करारावर सह्या झाल्या. शाकिरने फलकाला हार घातला आणि पेढे आणायला पळाला. स्नेहल हसत होती. नुजहतही हसली. पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून ती केबिनमध्ये आली आणि सवयीने दार लावून घेतलं.

तिने खण उघडला. कापूस बाजूला केला.

पट्टीवर थेंब घेतला. आकडा आला.

तिने पट्टी बदलली. पुन्हा थेंब घेतला.

एकशे दहा.

नवी पट्टी. एकशे साठ.

आकडा तिच्या डोळ्यांदेखत चढत होता.

मोबाईल वाजला. घरून होता.

"जेवायला येतेस ना?" अम्मीने विचारलं. "एक बाई आलीये तुझ्याकडे. हिर्डोशीकडची म्हणते."

"काय हवंय तिला?"

"तुलाच सांगेन म्हणते. पार सुकलेली दिसली गं, म्हणून म्हटलं, आधी जेव. तर अशी जेवली! सगळा भात संपला. आता भाकरी टाकतेय तर तीही पुरेना."

नुजहतच्या मुठीत नळी होती. ती आता कोमट नव्हती. कढत होती. सोडता येत नव्हती.

"अम्मी, तू बाहेर ये. शेजारी जा."

"अगं, पाहुणी जेवतेय, उठून कशी जाऊ?" अम्मीने आवाज खाली आणला. "पण एक सांगू? तव्यावरची भाकरी तिच्या हातावर दिली ना, तर हाताला लागताच भाकरीची वाफच बंद झाली."

मग अम्मी काही बोलली नाही. फोनमधून, अगदी जवळून, रिकाम्या ताटावरून बोटं फिरत असल्याचा आवाज येत राहिला.